पाना लावून पूर्ववत करता येईल, तेवढंच बदला

जुन्या गाड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांनी १९६८ साली घेतलेली फियाट ११०० डिलाइट आमच्याकडे आहे. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. रात्री सिग्नलला थांबलं की दिवे मिणमिणतात. मुलगा म्हणतो, डिस्क ब्रेक, अल्टरनेटर आणि एसी बसवून टाकू. मला गाडीचं मूळ रूप घालवायचं नाही. काय करावं?
— वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही तक्रारी दुरुस्तीनेच जातील. आधी ब्रेक बघा. गाडी डावीकडे ओढते म्हणजे सहसा पुढचं उजवं चाक कमी पकडतंय. पुढचे दोन्ही ड्रम उघडा. लायनरवर, म्हणजे ब्रेक शूवरच्या घासणाऱ्या थरावर, ओल दिसली तर व्हील सिलिंडरचं (शू ड्रमवर दाबणाऱ्या सिलिंडरचं) रबर गेलंय. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरू नका. दोन्ही बाजूंना नवे घाला. ड्रमला चरे असतील तर लेथवर दोन्ही ड्रम सारखेच काढून घ्या. नवा लायनर बसवण्याआधी ड्रमच्या आत खडू फासून शू त्यात फिरवा. खडू फक्त मधोमध लागला तर टोकं पकडत नाहीत. शू घासून निदान पाऊण भाग टेकेल असा करून घ्या. बहुतेक गॅरेजमध्ये ही पायरी गाळतात, आणि नवे लायनर घालूनही गाडी ओढतेच. ब्रेक ऑइलचे तिन्ही रबरी होज (नळ्या) बदला. जुना होज आतून फुगतो, ऑइल पुढे जातं पण परत येत नाही, मग चाक जाम राहतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. ब्रेकच्या लाइनीतली हवा काढताना मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करा, शेवटी पुढचं उजवं.

डिस्कची घाई नको. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तोच सिलिंडर ठेवून डिस्क लावली की पॅड सतत घासतात, तापतात आणि घाटात ब्रेक दगा देतो. सातारकरांना हे वेगळं सांगायला नको.

दिव्यांच्या तक्रारीचं मूळ डायनामोत, म्हणजे अल्टरनेटरच्या आधीच्या, वीज तयार करणाऱ्या यंत्रात आहे. मंद फेऱ्यांवर तो जवळजवळ काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर येतो. त्याचे कार्बन ब्रश आणि ते जिथे घासतात तो कम्युटेटर साफ करा. बेल्ट अंगठ्याने दाबून साधारण १० मिमी दबला पाहिजे. मग इंजिनाला रेस देऊन, दिवे लावून व्होल्ट मोजा, एकदा बॅटरीवर आणि एकदा बल्बच्या टोकाशी. दोन्हींत एक व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर करंट जुन्या स्विचमध्ये आणि वायरिंगमध्ये खर्च होतोय. त्यासाठी दोन रिले (थोड्या करंटवर चालणारे स्विच) लावा, एक हायबीमला आणि एक लोबीमला. फ्यूज लावून २.५ चौरस मिमीची वायर थेट बॅटरीपासून घ्या. जुन्या वायरींनी फक्त रिले चालवा, म्हणजे एकही तोडावी लागत नाही. एवढं करूनही रात्रीचा प्रवास नेहमीचा असेल तर अल्टरनेटर खुशाल लावा. मात्र तो मूळ ब्रॅकेटवर बसला पाहिजे, आणि डायनामो व कटआउट (त्याचं चार्जिंग सांभाळणारा डबा) ग्रीस लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवायचे.

एसी नकोच. १०८९ सीसीचं, चाळीसएक अश्वशक्तीचं इंजिन. कॉम्प्रेसर त्यातलीच ताकद खातो, कंडेन्सर रेडिएटरची हवा अडवतो आणि ब्लोअरसाठी डॅशबोर्ड कापावा लागतो. कापलेला डॅशबोर्ड पुन्हा जुळत नाही.

प्रश्न : १९७५ ची प्रीमियर पद्मिनी आहे. डिझेल इंजिन टाकून रोज वापरायचा विचार आहे.
— वाचक, नाशिक

उत्तर : टाकू नका. इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते, आरसीवर नोंद करावी लागते. जड इंजिनाने पुढचं सस्पेन्शन बसतं आणि माउंटिंगसाठी चासी कापली जाते. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो. पण चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. त्या नंबरावर रोजची ये-जा मात्र करता येत नाही. रोज वापरायची असेल तर साध्या नोंदणीवर ठेवा आणि मूळ पेट्रोल इंजिनच नीट बांधून घ्या.

प्रश्न : रंग फिका पडलाय, दाराखाली गंज आहे. सगळी गाडी खरवडून मेटॅलिक रंग द्यावा का?
— वाचक, मडगाव

उत्तर : कंपनीचा रंग एकदा खरवडला की गेला. फिका रंग आधी साध्या साबणाने धुवा, मग हाताने बारीक कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) मारा. मशीन नको, कडांवर रंग पातळ असतो, तिथे लगेच पत्रा उघडा पडतो. गंजाच्या भागावर चुंबक फिरवा. तो धरत नसेल तर खाली लांबीचा (पुट्टीचा) थर आहे आणि लांबीखाली गंज वाढतच असतो. तेवढाच तुकडा चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, तेवढ्याच जाडीचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा मिग वेल्डिंगने थोडा थोडा टाका मारत जोडा. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पॅनेल वाकतं आणि ते झाकायला पुन्हा लांबीच येते. आतून प्रायमर आणि वॅक्स मारा. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा. गोव्याच्या पावसात दारं कुजतात ती बहुतेक ही भोकं बुजल्यामुळेच. रंग फक्त दुरुस्त केलेल्या पॅनेलला द्या, आणि छटा डिकीच्या झाकणाखालच्या न उडालेल्या रंगावरून जुळवून घ्या.