माणूस कुठे ओलांडतो?

प्रिय,

रस्त्यालगतच्या बागेचे तुझे दोन्ही आराखडे पाहिले. पहिल्यात रस्त्याकडेला झाडांची तिहेरी रांग, जणू रस्ता नाहीच. दुसऱ्यात रस्ता बंद करून वर हिरवळ. यातला कोणता पाठवू, असं विचारलं आहेस. एकही नको! रस्ता बंद करणं तुझ्या हातात नाही. आणि झाडांच्या रांगेने गाड्या दिसेनाशा होतात, आवाज फारसा अडत नाही; त्याला मातीचा उंच, भरीव बांध लागतो.

माणूस रस्ता कुठे ओलांडतो, ते आधी बघ.

मीही रस्त्याला टाळायला गेलो होतो. माझ्या पहिल्याच बागेचे रस्त्याने दोन तुकडे केले होते; मी पादचारी पूल काढला. गाड्यांसाठी साडेपाच मीटर मोकळे, वर पुलाची जाडी, म्हणजे चढायचं 6 मीटर. 1:12 उताराने, म्हणजे मीटरभर चढायला 12 मीटर लांबी, रॅम्प 72 मीटर, दोन्हीकडचे मिळून 144. आणि खालचा रस्ता 12 मीटरचा! हा हिशेब मला येत होता रे. पण पूल चित्रात देखणा दिसत होता. सहा महिन्यांत कुंपणाचे दोन गज वाकले आणि हिरवळीतून थेट त्या फटीपर्यंत पायवाट पडली. मी काय केलं? गज सरळ करून घेतले. दोनदा. (पूल हवाच, असा वरून आग्रह होता, हेही खरं. पण रेघ माझ्या हातची.)

ओलांडणं आधी, बाग मागून.

रस्ता लपवायला तू न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा दाखला दिलास, तो उलटा वाचला आहेस. त्या बागेच्या 1858च्या आराखड्यात तिचे रचनाकार ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी चार आडवे रस्ते खोदून खाली नेले ते लपवण्यापुरते नव्हे; वर चालणाऱ्याची वाट तुटू नये म्हणूनही. खाली-वर व्हायचं ते गाडीने. तुला रस्ता खाली नेता येत नाही ना, मग ओलांडण्याच्या जागी तो पदपथाच्या पातळीला आण. 15 सेंटिमीटर उचलला आणि तिथेच अरुंद केला की गाडीवाला पाय ब्रेकवर ठेवतो. मात्र उंचवट्याच्या कडेने पाणी जायला वाट ठेव, नाहीतर पहिल्या पावसात डबकं साचेल आणि बोल लागेल तुझ्या कल्पनेला.

तुझ्या फोटोंत सावल्या लांब आहेत, बाकं रिकामी. सगळे एकाच सकाळचे, बरोबर? शाळा सुटताना जा. अंधार पडल्यावर जा. माणूस जिथे खरंच रस्त्यात उतरतो, तिथे नकाशावर ठिपका दे, तू फुली मारलेल्या जागेवर नव्हे. तो नकाशा आधी पाठव. बाकांचं मग बोलू.