डाएटिशियन व्हायचंय? आधी वॉर्ड किती दिवस मिळेल ते विचारा

प्रश्न : बी.एस्सी. होम सायन्स झालं आहे. मला हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन व्हायचं आहे. एम.एस्सी. करू की एक वर्षाचा डिप्लोमा? आणि 'आर.डी.' म्हणजे नेमकं काय? (अमरावती)

उत्तर : आर.डी. म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन. ही पदवी विद्यापीठ देत नाही. १९६३मध्ये स्थापन झालेली इंडियन डाएटेटिक असोसिएशन तिची परीक्षा घेते. परीक्षेला बसायला पदव्युत्तर शिक्षण लागतं आणि रुग्णालयातली इंटर्नशिपही लागते. इंटर्नशिपचे दिवस आणि रुग्णालयाचा दर्जा यांचे नियम संस्थेच्या चालू परिपत्रकात वाचा, सीनियरच्या तोंडी माहितीवर विसंबू नका.

डिप्लोमाला मी कमी लेखत नाही. दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेतून आहारशास्त्राचा डिप्लोमा करून आलेल्या मुली रुग्णालयाचं किचन सांभाळण्यात तरबेज असतात. पण तुम्हाला आय.सी.यू., किडनी, कॅन्सर अशा विभागांत काम करायचं असेल किंवा पुढे शिकवायचं असेल, तर एम.एस्सी.च करा. मुंबईत एस.एन.डी.टी. आणि निर्मला निकेतन ही जुनी, भरवशाची नावं आहेत. कॉलेज कुठलंही निवडा, प्रवेशाआधी एकच गोष्ट खोदून विचारा : विद्यार्थ्यांना वॉर्डात किती दिवस पाठवता, आणि तिथे ते रुग्णाशी बोलतात की नुसत्या डाएट शीट भरतात?

प्रश्न : मुलगी नोकरी करते. तिला घरबसल्या, दूरस्थ पद्धतीने न्यूट्रिशनची एम.एस्सी. करता येईल का? एका संस्थेने होकार दिला आहे. (नाशिक, वडील)

उत्तर : पैसे भरू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डाएटेटिक्स हे विषय मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी केली आहे. आरोग्यसेवेतल्या व्यावसायिकांसाठी २०२१मध्ये जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोघेही येतात. त्यातूनच हा निर्णय आला. नोकरी करत शिकू पाहणाऱ्या मुलींची यात ओढाताण होते, हे मला दिसतं. तरीही निर्णय मला पटतो. नळीतून फीड चालू असलेला पेशंट पडद्यावर बघून शिकता येत नाही.

प्रश्न : एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. बायोकेमिस्ट्रीने जीव नकोसा केला आहे. आहाराचा तक्ता करायला एवढं कशाला लागतं? (पुणे)

उत्तर : तुमच्या प्रश्नाने एक पेशंट आठवले. मराठवाड्यातले शेतकरी, वजन ५० किलो, दोन महिन्यांपासून डायलिसिसवर. बोटातली अंगठी निसटू नये म्हणून तिला दोरा गुंडाळलेला. बायको जिवापाड पथ्य सांभाळत होती : तांदळाची पेज, साबुदाणा, डाळीचा थेंब नाही. किडनी बिघडली तेव्हा त्यांना कोणीतरी 'प्रोटीन कमी करा' असं सांगितलं होतं आणि तेव्हा ते बरोबरच होतं. डायलिसिस सुरू होण्याआधी दर किलो वजनामागे ०.५५ ते ०.६ ग्रॅम, म्हणजे त्यांना दिवसाला जेमतेम ३० ग्रॅम प्रोटीन. डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो. प्रत्येक खेपेला रक्तातली अमायनो ॲसिड्स, म्हणजे प्रोटीनचे घटक, मशीनमधून निघून जातात आणि गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमवर जाते. त्यांना ५० ते ६० ग्रॅम हवं होतं आणि ताटात पेज होती.

डाळ भरपूर द्या असंही सांगता येत नव्हतं, कारण बिघडलेल्या किडनीला बाहेर टाकता न येणारं पोटॅशियम आणि फॉस्फरसही सांभाळायचं होतं. अंड्याच्या पांढऱ्या बलकात प्रोटीन चांगलं आणि फॉस्फरस अगदी थोडं, म्हणून तिथून सुरुवात केली. पोटॅशियम निघून जावं म्हणून भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची, पाणी फेकायचं, मग फोडणी द्यायची. 'ताकद येते' म्हणून कोणीतरी रोज आणून देत असलेलं शहाळंही पोटॅशियममुळेच त्याच दिवशी बंद केलं. बायको रडायला लागली, म्हणाली, "म्हणजे मीच उपाशी ठेवलं का हो?" तिला काय म्हणायचं, हे कुठल्याच पेपरात येत नाही. पण पेज का चुकली हे मला कळलं ते बायोकेमिस्ट्रीमुळेच. नायट्रोजन बॅलन्सचा, म्हणजे शरीरात आलेल्या आणि गेलेल्या प्रोटीनच्या हिशेबाचा, धडा पुन्हा काढा, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे अन्नघटक तक्ते हाताशी ठेवून वाचा.

प्रश्न : भारतात एम.एस्सी. केलं, लग्नानंतर अमेरिकेत आले. इथे डाएटिशियन होता येईल? (न्यू जर्सी)

उत्तर : होता येईल, पण भारतातली आर.डी. तिथे जशीच्या तशी चालत नाही. १ जानेवारी २०२४पासून तिथल्या नोंदणी परीक्षेसाठी किमान मास्टर्स लागते. ती तुमच्याकडे आहे, ही जमेची बाजू. आधी पदवीचं मूल्यांकन करून घ्या, मग राहिलेले विषय आणि देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम मान्यताप्राप्त कार्यक्रमातून पूर्ण करा. हे काम सहसा हजार तास किंवा त्याहून जास्त असतं. परवान्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, तेही बघा. विषयवार अभ्यासक्रमाची शिक्क्यासहित प्रत आपल्या कॉलेजातून आत्ताच मागवा, तिलाच सगळ्यात वेळ लागतो.

प्रश्न : शिकून परभणीलाच परत यायचं आहे. काम मिळेल का, की डाएटिशियन फक्त मोठ्या शहरातल्या लोकांना लागते?

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. डायलिसिस आता जिल्हा रुग्णालयांतही होतं. शिवाय पोषण पुनर्वसन केंद्रं आहेत, तिथे तीव्र कुपोषित मुलं दाखल होतात. अशा मुलाला लगेच पोटभर खाऊ घातलं तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून सुरुवातीला एफ-७५ हे सौम्य दूध, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. भूक परतली, सूज उतरू लागली की एफ-१०० हे जास्त ताकदीचं दूध. हे काटेकोर काम आहे आणि त्यासाठी माणसं हवी आहेत. इंटर्नशिपचे काही दिवस अशा केंद्रात मिळतात का, ते कॉलेजला आत्ताच विचारून ठेवा. जागा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत निघतात, पण बहुतेक कंत्राटी असतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.