डावा इंडिकेटर वेगाने लुकलुकतो : रिले विकत घेण्याआधी अर्थिंग तपासा

तुमच्या वर्णनाचा सारांश असा : गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, उजवा इंडिकेटर व्यवस्थित चालतो, पण डावा फार वेगाने लुकलुकतो आणि पावसात हा त्रास वाढतो. ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर जवळजवळ विझतो आणि त्याच बाजूचा पार्किंगचा दिवा बटण बंद असतानाही मंद पेटतो. गॅरेजमध्ये मात्र फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) आणि कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळचा दिवे-इंडिकेटरचा स्विच) दोन्ही बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. माझ्या मते तूर्त यांपैकी काहीही विकत घेऊ नये.

इंडिकेटर मिनिटाला साधारण 60 ते 120 वेळा लुकलुकावा, असे अपेक्षित असते. एखादा बल्ब गेला किंवा त्यातून पुरेसा करंट वाहिला नाही, की इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मुद्दाम वेग वाढवून चालकाला सूचना देतो. म्हणजे तुमचा रिले बिघडलेला नाही. तो आपले काम चोख बजावत आहे. (21 वॅटच्या बल्बच्या जागी एलईडी बसवल्यावरही हाच प्रकार होतो, पण तुम्ही तसे काही केलेले दिसत नाही.) शिवाय उजवी बाजू नीट चालते, तेव्हा दोन्ही बाजूंना सामाईक असलेल्या फ्यूजकडेही पाहण्याचे कारण नाही.

खरा पुरावा ब्रेकच्या वेळच्या वागणुकीत आहे. मागच्या दिव्यातील ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर यांना बहुतेक गाड्यांत एकच अर्थिंगची वायर, म्हणजे करंट बॉडीमार्फत बॅटरीकडे परत नेणारी वायर, असते. ती वायर गंजली किंवा सैल झाली, की बॉडीकडे जाण्याचा सरळ मार्ग बंद झाल्यामुळे इंडिकेटरचा करंट पार्किंगच्या 5 वॅटच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि गाडीतील इतर पार्किंग दिव्यांमार्फत जमिनीचा, म्हणजे बॉडीचा, रस्ता गाठतो. त्या लांबच्या वाटेवर करंट फारच कमी वाहतो. त्यामुळे इंडिकेटर नीट पेटत नाही, पार्किंगचा दिवा मंद पेटतो आणि फ्लॅशर वेग वाढवतो. ब्रेक दाबल्यावर तर सामाईक टोकावरच बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) चढतो, इंडिकेटरच्या दोन्ही टोकांतील फरक उरत नाही आणि तो विझतो. कॉम्बिनेशन स्विच कितीही खराब झाला, तरी ब्रेकचा आणि इंडिकेटरचा असा संबंध तो जोडू शकत नाही.

बल्ब काढून त्याची तार शाबूत दिसली, म्हणून तेथेच थांबू नये. होल्डरमधील पितळी पट्टीवर हिरवट थर किंवा प्लास्टिक वितळल्याच्या खुणा आहेत का, ते टॉर्चच्या उजेडात पाहावे. मग मल्टीमीटर घ्यावा, पण येथे एक फसगत होते : बल्ब काढून होल्डरवर 12 व्होल्ट मोजले, तर गंजलेल्या जोडातूनही मीटर पूर्ण 12 दाखवतो, कारण मीटर स्वतः नगण्य करंट घेतो. म्हणून मोजणी दिवा पेटता ठेवूनच करावी. इंडिकेटर लुकलुकत असल्यामुळे आकडा स्थिर राहत नाही. त्याऐवजी कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे. मीटरची काळी टोकणी बॅटरीच्या ऋण टोकाला (वायर पुरत नसेल, तर डिकीतील रंग नसलेल्या स्वच्छ बोल्टला) आणि लाल टोकणी दिव्याच्या अर्थिंगच्या पट्टीला लावावी. 0.2 व्होल्टच्या आत आकडा आला, तर अर्थिंग ठीक. दोन, चार किंवा त्याहून अधिक व्होल्ट आले, तर दोष सापडला. मीटर नसेल, तर त्या पट्टीपासून स्वच्छ बोल्टपर्यंत तात्पुरती वायर जोडून पाहावे. सर्व दिवे लगेच सुरळीत झाले, तर निदान पक्के. वायरचे आवरण टाचणीने मात्र टोचू नये, कारण त्या भोकातून पाणी शिरून आतले तांबे हिरवे पडते; पिवळ्या रंगाच्या वायरिंगला तर हातही लावू नये, ते बहुधा एअरबॅगचे असते.

हे अर्थिंग सहसा डिकीतील बाजूच्या पत्र्यामागे गोल लगने (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीने) बॉडीला आवळलेले असते. बोल्ट सोडून लग आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करावेत, लग कुजला असल्यास नवा दाबून बसवावा, घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. लग आणि वायर कोल्हापूरच्या उद्यमनगरात सहज मिळतील; खर्च रिलेच्या तुलनेत किरकोळ आहे. त्यानंतर टेल लॅम्पचे रबरी पॅकिंग नक्की पाहावे. ते कडक झाले असेल, तर गगनबावड्याच्या बाजूने एक पावसाळी फेरी झाली, की स्वच्छ केलेला जोड पुन्हा ओला होणार. पंचगंगेच्या पुराच्या पाण्यात गाडी कधी उभी राहिली असेल, तर उजव्या बाजूचा आणि पुढचाही अर्थ बोल्ट त्याच वेळी उघडून घ्यावा.

तात्पुरती वायर जोडूनही फरक पडला नाही, तर समोरचा आणि बाजूचा छोटा बल्ब तपासावा. तुमच्या गाडीचे मागचे दिवे डिकीच्या झाकणावर असतील, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतील वायर एकेक करून हलक्या हाताने ओढून पाहावी. सतत वाकून तेथे आतले तांबे तुटते आणि वरचे आवरण मात्र शाबूत दिसते.