शंका-समाधान : वनस्पती तुपातले निकेल

प्रश्न : वनस्पती तूप तयार करताना निकेल हा उत्प्रेरक वापरतात, असे दहावीच्या विज्ञानात शिकलो. हे निकेल तुपात राहते काय? ट्रान्स फॅट त्यामुळेच तयार होते काय? तसेच प्रयोगशाळेत रेने निकेल पाण्याखाली का ठेवतात? – एक वाचक, सांगली

उत्तर : निकेल तुपात राहू दिले जात नाही. तेलाला हायड्रोजन जोडण्याची क्रिया (हायड्रोजनीभवन) संपल्यावर तेल गाळून ते वेगळे करतात आणि उरलेला अंश सायट्रिक आम्ल व शोषक माती वापरून काढतात. ट्रान्स फॅटचा संबंध या अंशाशी नसून निकेलच्या काम करण्याच्या पद्धतीशी आहे.

निकेलच्या बारीक कणांवर हायड्रोजनचा रेणू बसला की त्याचे दोन अणू सुटे होतात आणि शेजारी येऊन टेकलेल्या तेलाच्या रेणूतील दुहेरी बंधाला एकामागून एक जोडले जातात. पहिला अणू जोडला गेल्यावर तिथे एकेरी बंध उरतो व त्याभोवती रेणूचे दोन्ही भाग फिरू शकतात. अशा वेळी पृष्ठभागावर हायड्रोजन अपुरा असेल, तर दुसरा अणू मिळण्याऐवजी एक अणू सुटून जातो आणि दुहेरी बंध पुन्हा तयार होतो, मात्र मूळच्या सिस् रचनेऐवजी (साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला) पुष्कळदा ट्रान्स रचनेत (दोन्ही भाग विरुद्ध बाजूंना). हायड्रोजनीभवन पूर्ण केले तर दुहेरी बंधच उरत नाहीत, मग ट्रान्स फॅट कुठले? पण तसे तूप मेणासारखे कडक होते, म्हणून कारखानदार क्रिया अर्ध्यावर थांबवत, आणि दुखणे नेमके तिथेच होते. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील औद्योगिक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे.

निकेलचा हा गुण फ्रान्समध्ये पॉल साबात्ये यांनी सांद्रां यांच्यासह १८९७ मध्ये एथिलीनपासून एथेन बनवून दाखवला. साबात्ये यांना १९१२ चे नोबेल मिळाले. ते वायू व वाफांवर काम करीत. द्रव तेलासाठी ही रीत वापरण्याचे पेटंट १९०२ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मन यांनी घेतले, आणि वनस्पती तुपाचे खरे जनक तेच म्हणावे लागतील.

रेने निकेल हे अमेरिकेतील मरे रेने यांचे १९२६ च्या सुमाराचे काम. निकेल व ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतील बहुतेक ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने विरघळवून काढले की हायड्रोजन धरून ठेवलेले सच्छिद्र निकेल मागे राहते. ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल, नायट्राइलपासून अमाइन, सेंद्रिय संयुगातील गंधक काढून टाकणे अशी कामे ते करते. प्लॅटिनम व पॅलेडियमच्या तुलनेत ते अतिशय स्वस्तही पडते. परंतु सुकल्यावर हवेतील ऑक्सिजनशी इतक्या वेगाने संयोग पावते की आपोआप पेट घेते. म्हणूनच ते पाण्याखाली ठेवतात, आणि ज्यातून ते गाळले तो गाळणकागदही कोरडा होऊ न देता ओलाच वेगळ्या भांड्यात ठेवावा. कचऱ्याच्या टोपलीत कधीही टाकू नये.