ग्रह आणि तारे यांच्या मधली जागा खरंच रिकामी असते का?

तुम्ही विचारलंय की दोन ग्रहांच्या किंवा दोन ताऱ्यांच्या मध्ये जी प्रचंड जागा असते ती पूर्ण रिकामी असते का, कारण शाळेत ‘निर्वात पोकळी’ एवढंच शिकवलं होतं.

रिकामी नसते, विरळ असते. हा शब्दांचा खेळ नाही. त्या विरळ वायूतून आणि धुळीतूनच सूर्य झाला, पृथ्वी झाली.

आधी जागा किती ते पाहू. मी मुंबईचा, म्हणून हिशेब पश्चिम रेल्वेने करतो. दर दहा लाख किलोमीटरला एक मीटर असं प्रमाण धरा आणि चर्चगेटला सूर्य ठेवा. तो होईल 1.4 मीटर व्यासाचा गोळा. पृथ्वी दीडशे मीटरवर, जेमतेम सव्वा सेंटीमीटरचा मणी. गुरू पाऊण किलोमीटरवर, नेपच्यून मुंबई सेंट्रलला. आणि सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा, प्रॉक्सिमा? चर्चगेटहून निघून अख्ख्या पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालून पुन्हा चर्चगेटला पोचलात की तेवढं अंतर होतं, सुमारे 40,000 किलोमीटर.

आता लुडोच्या फाशाएवढी जागा घ्या, साधारण एक घन सेंटीमीटर. आपण श्वास घेतो त्या हवेत तेवढ्या जागेत सुमारे 25 अब्ज अब्ज रेणू असतात. पृथ्वीजवळच्या अवकाशात तेवढ्याच जागेत पाच-दहा प्रोटॉन आणि तितकेच इलेक्ट्रॉन सापडतात. पण ते स्वस्थ बसलेले नसतात. सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर वेगाने ते सूर्याकडून बाहेर धावत असतात. हा सौरवारा.

या वाऱ्याची गोष्ट मला फार आवडते. यूजीन पार्कर या तरुण शास्त्रज्ञाने 1958 मध्ये गणिताने दाखवलं की सूर्याचं तापलेलं बाह्य वातावरण जागेवर टिकूच शकत नाही, ते सतत बाहेर वाहत राहणार. त्याचा शोधनिबंध तपासणाऱ्या दोघांनीही तो छापू नये असं कळवलं. नियतकालिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. कल्पना त्यांनाही पटली नव्हती, पण गणितात चूक सापडत नाही म्हटल्यावर त्यांनी निबंध छापला. चारच वर्षांनी शुक्राकडे निघालेल्या मरिनर 2 यानाला वाटभर हा वारा लागला. स्वतःला न पटलेली गोष्ट केवळ ती चुकीची ठरवता येत नाही म्हणून छापणं, हे मला चंद्रशेखरांच्या मोठेपणाचंच लक्षण वाटतं. आज आपलं आदित्य एल-1 यान पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, म्हणजे आपल्या नकाशात त्या मण्यापासून दीड मीटरवर, हाच वारा मोजतंय.

ग्रहांच्या मध्ये धूळही असते, धूमकेतूंनी मागे सोडलेली आणि लघुग्रहांच्या टकरींतून उडालेली. त्यातला कण आपल्या हवेत शिरला की उल्का दिसते.

सौरवारा संपतो कुठे? व्हॉयेजर 1 ने ती सीमा 25 ऑगस्ट 2012 रोजी ओलांडली. आपल्या नकाशात ते ठिकाण साधारण सांताक्रूझ. (1977 मध्ये निघालेलं हे यान 2025 संपलं तरी गोरेगावला पोचलेलं नव्हतं.) गंमत पुढेच आहे. सूर्यापासून लांब जाता जाता सौरवारा पसरून इतका पातळ होतो, की सीमेपलीकडे गेल्यावर इलेक्ट्रॉनांची घनता कमी न होता जवळपास चाळीस पट वाढली. म्हणजे ताऱ्यांच्या मधली जागा तिथल्या सौरवाऱ्यापेक्षा जास्त भरलेली निघाली.

तिथे काही आहे हे व्हॉयेजरच्या कितीतरी आधी कळलं, आणि ज्या ताऱ्यामुळे कळलं तो मुंबईच्या झगमगाटातही दिसतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री गच्चीवर जा आणि मृग नक्षत्र शोधा. मृगाच्या पोटात घुसलेला बाण, म्हणजे ओळीतले तीन तारे. त्यांतला सर्वांत आधी उगवणारा तो मिंटाका. तो एकटा नाही, त्यात एकमेकांभोवती फिरणारे तारे आहेत. म्हणून त्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या, रेषा कधी इकडे कधी तिकडे सरकतात. 1904 मध्ये योहानेस हार्टमान या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की कॅल्शियमची रेषा मात्र या सरकण्यात सामील होत नाही. मग ते कॅल्शियम त्या ताऱ्यांचं असणार नाही. ते वाटेत कुठेतरी, आपल्या आणि मिंटाकाच्या मध्ये असणार! एका हट्टी रेषेवरून माणसाला रिकाम्या जागेतलं द्रव्य कळलं.

आज माहीत आहे की ताऱ्यांमधल्या द्रव्यात वजनाने 99 टक्के वायू असतो, त्यात मुख्यतः हायड्रोजन, मग हेलियम. सरासरी आपल्या फाशात एखादा अणू. सगळीकडे सारखा मात्र नाही. काही भागांत हजार फासे धुंडाळले तर एखादा अणू मिळेल, तर थंड, दाट ढगांत एकाच फाशात हजारो रेणू. असे ढग स्वतःच्याच वजनाने आकसतात आणि त्यांतून तारे जन्मतात. मृगाच्या बाणाखाली दुर्बिणीतून धुरकट ठिपका दिसतो ना, तो तेजोमेघ म्हणजे असंच एक प्रसूतिगृह. थंड हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही, पण तो 21 सेंटीमीटर तरंगलांबीचे रेडिओ तरंग सोडतो. नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत, त्या हे तरंग ऐकू शकतात.

उरलेला एक टक्का धूळ. कण सिगारेटच्या धुरातल्यासारखे बारीक, काही वाळूच्या जातीचे, काही कार्बनचे. एवढीशी धूळ, पण वाट हजारो प्रकाशवर्षांची असल्यामुळे ती मागचे तारे झाकून टाकते. एप्रिलमध्ये एकदा वांगणीला आकाशदर्शनाला गेलो होतो. पहाटे तीनच्या सुमारास आकाशगंगा वर आली आणि मुलीने तिच्या मधल्या काळ्या पट्ट्याकडे बोट करून विचारलं, “बाबा, इथले तारे कुठे गेले?” तारे तिथेच आहेत, मध्ये धूळ आहे. जे तारे धुळीतून दिसतात ते जास्त तांबूस दिसतात, कारण धूळ निळा प्रकाश जास्त अडवते.

आणि हे सगळं फक्त दूर कुठेतरी आहे असंही नाही. ताऱ्यांमधल्या जागेतून वैश्विक किरण, म्हणजे अतिशय वेगवान कण, सतत येत असतात. ते वरच्या हवेवर आदळून म्युऑन नावाचे कण तयार होतात. तळहात आडवा धरा, त्यातून दर सेकंदाला एक-दोन म्युऑन आरपार जातायत. कुलाब्याची टीआयएफआर ही संशोधन संस्था उभारणारे होमी भाभा मुळात याच किरणांचे अभ्यासक.

स्वतःच्या डोळ्यांनी ग्रहांमधली धूळ बघायची असेल तर ऑक्टोबरमधली अमावास्या गाठा आणि माळशेज घाट ओलांडून जुन्नरच्या बाजूला जा. वांगणी त्यासाठी पुरेशी अंधारी नाही. पाऊस पूर्ण गेलेला हवा. उजाडायच्या दीड तास आधी पूर्वेला क्षितिजावरून वर निमुळता होत गेलेला अंधूक पांढरट उजेड दिसेल. तो पहाटेचा नाही, सूर्यप्रकाशात उजळलेली ती धूळ आहे. मोबाईल मात्र अर्धा तास आधीच खिशात ठेवा, नाहीतर दिसणार नाही.