क्रूझची नवी ऑफर आली, जुनं बुकिंग बदलावं का?

प्रश्न : ताई, आई-बाबा भारतातून येतायत म्हणून सिअ‍ॅटलहून अलास्काची ७ रात्रींची क्रूझ बुक केलीय, चौघांचे ६,४०० डॉलर, त्यात वायफाय आणि २०० डॉलर बोटीवर खर्चायला. आता ‘दुसऱ्या प्रवाशाला ६० टक्के सूट’ अशी ऑफर आलीय, बदलू का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : अहो, त्या ६० टक्क्यांकडे बघूच नका, मूळ भाडं आधीच वाढवलेलं असू शकतं. टॅक्स धरून चौघांचा शेवटचा आकडा काढा. समजा नवा आकडा ६,१५० आला, म्हणजे २५० वाचले, पण नव्या भाड्यावर जुन्या सवलती बहुतेक वेळा जातात, मग ते २०० गेले, वायफाय रोज २० डॉलर धरलं तर एकाच फोनचे १४० गेले, म्हणजे तुम्हीच ९० डॉलर तोट्यात.

फायदा दिसलाच तरी डिपॉझिट नॉन-रिफंडेबल आहे का ते बघा, असेल तर माणशी बदल-शुल्क लागू शकतं. आणि हे सगळं फायनल पेमेंटच्या आधी करायचं, ती तारीख साधारण क्रूझ निघण्याच्या ९० दिवस आधी असते, नंतर भाडं उतरलं तरी पैसे सहसा परत मिळत नाहीत, फार तर केबिन अपग्रेड मागून बघायचं. एजंटकडून बुक केलंय तर त्यालाच सांगा.

आणि केबिन! आई-बाबांची खोली लिफ्टजवळ, तुमच्या शेजारी घेतली असेल तर तोच नंबर राहील हे लेखी घ्या, मी तरी शंभरेक डॉलरसाठी ती सोडणार नाही.