टिनटिनची चंद्रकथा: सोय चौघांची, माणसं सात

'पहिला भाग रटाळ आहे', 'थॉमसन-थॉम्पसन डोक्यात जातात' आणि 'वुल्फचं जे होतं ते मुलांच्या पुस्तकात नको होतं' अशी तीन मतं या चर्चेत वर आली आहेत. मूळ प्रश्न एका ताईंचा होता: नऊ वर्षांच्या मुलीला बेल्जियन चित्रकथाकार एर्जेच्या टिनटिन कॉमिक्समधली चंद्रप्रवासाची दोन पुस्तकं, 'डेस्टिनेशन मून' आणि 'एक्स्प्लोरर्स ऑन द मून', वाचायला द्यावीत का. ही जोडी माझ्या फार जवळची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शेवटापर्यंतचं सगळं येणार आहे. ज्यांना कथा माहीत नको असेल त्यांनी इथेच थांबा.

तिन्ही तक्रारी मला एकाच गोष्टीकडे नेतात, ती म्हणजे प्राणवायूचा हिशेब. रॉकेटमध्ये साठा आहे चौघांपुरता: टिनटिन, कॅप्टन हॅडॉक, प्रोफेसर कॅल्क्युलस आणि त्यांचा मदतनीस इंजिनिअर फ्रँक वुल्फ. शिवाय टिनटिनचा कुत्रा स्नोई. उड्डाण मध्यरात्रीनंतर १ वाजून ३४ मिनिटांनी. थॉमसन आणि थॉम्पसन हे दोघे वेंधळे गुप्तहेर समजतात की दुपारी १.३४, आणि तपासणीसाठी रॉकेटमध्येच राहतात. झाले सहा. सातवा आहे रॉकेट पळवायला आलेला कर्नल जॉर्गन. तो आधीच आत लपवला गेलाय आणि त्याचा पत्ता फक्त वुल्फला आहे. म्हणजे कॅल्क्युलस सहा जणांचा हिशेब मांडून मुक्काम आखडता घेतो तेव्हा तो हिशेबही चुकीचाच असतो, कारण खाली कोणीतरी गुपचूप श्वास घेतोय. समजा चौघांना १४ दिवस पुरेल एवढा साठा आहे, तर तोच सात जणांना ८ दिवसच पुरेल. दुसऱ्या भागातली प्रत्येक घडामोड या भागाकारातून निघते. म्हणून थॉमसन-थॉम्पसनना नुसते विनोदी पात्र म्हणून सोडून देऊ नका. त्यांचे केस भराभर वाढत सुटतात तो प्रकार मलाही लांबलेला वाटतो, पण ते दोघे रॉकेटमध्ये नसते तर हा पेच इतका आवळला गेला नसता.

आता पहिला भाग. त्यात रॉकेट उडतं अगदी शेवटी, हे खरं. तोवर सिल्डाव्हिया या काल्पनिक देशातलं अणुसंशोधन केंद्र, चाचणीचं रॉकेट, हेरगिरी, अवकाशपोशाखाच्या चाचण्या. पण त्यातलाच एक प्रसंग पुन्हा उघडून बघा. हॅडॉक वैतागून कॅल्क्युलसला म्हणतो, हे काय बोकडासारखे चाळे चाललेत. एरवी मऊ स्वभावाचा, कानाने अधू असलेला तो म्हातारा असा काही भडकतो की हॅडॉकला अख्ख्या केंद्रातून फरफटत नेतो, वाटेतल्या पहारेकऱ्यांना जुमानत नाही, आणि रॉकेटसमोर उभं करून विचारतो की हे चाळे आहेत का? वाचकाला लाल-पांढऱ्या चौकटींचं ते धूड दिसतं ते या संतापाच्या भरात. यंत्राची माहिती सांगायची आणि माणूसही उलगडायचा, दोन्ही एकाच दमात. याला रटाळ म्हणणं मला पटत नाही.

आणि हे सगळं कधीचं? बेल्जियमच्या 'टिनटिन' साप्ताहिकात ही कथा मार्च १९५० मध्ये सुरू झाली. मध्ये एर्जेची तब्येत ढासळल्यामुळे ती सुमारे दीड वर्ष बंद होती, आणि १९५३ च्या अखेरीस संपली. पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक उडायला अजून चार वर्षं होती, माणूस चंद्रावर उतरायला जवळजवळ सोळा. जर्मन व्ही-२ रॉकेटचा आकार समोर ठेवून एर्जेने रॉकेट रचलं, त्याची आतून दिसणारी प्रतिकृती करून घेतली, म्हणजे कुठल्या मजल्यावरून कुठली शिडी जाते हे चित्रात चुकू नये. पुढे चोरदारातून कोण कुठे सटकतं हे वाचताना आपण कधी गोंधळत नाही, ते या तयारीमुळे.

विज्ञानाबद्दल एकाने लिहिलंय की 'सगळं बरोबर आहे'. सगळं नाही. इंजिन सतत चालू, म्हणून आत वजन जाणवतं, आणि निम्म्या वाटेवर रॉकेट उलटं फिरवून वेग मारायचा, ही कल्पना चोख आहे. पृथ्वीवर जाणवतं तेवढंच वजन ठेवलं तर असा प्रवास साधारण साडेतीन तासांत होतो. इंजिन बंद पडताच हॅडॉकची व्हिस्की गोळा होऊन तरंगते, तेही बरोबर. पण दारूच्या नशेत बाहेर पडलेला हॅडॉक अ‍ॅडोनिस लघुग्रहाभोवती फिरू लागतो, ते शक्य नाही. अ‍ॅडोनिस खराच आहे. बेल्जियमच्याच उक्ल वेधशाळेतून यूजीन डेलपोर्त यांनी तो १९३६ मध्ये शोधला. पण एवढ्याशा दगडाचं गुरुत्व इतकं क्षीण की रॉकेटच्या वेगाने चाललेल्या माणसाला ते पकडूच शकत नाही. चंद्रावरच्या गुहेतल्या बर्फाचंही तसंच अर्धंमुर्धं. आपल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा दाखवल्या, ते २००९ मध्ये जाहीर झालं, त्यामुळे 'एर्जेला आधीच कळलं होतं' असं म्हणायचा मोह होतो. पण बर्फ टिकतं ते ध्रुवाजवळच्या, कधीच ऊन न लागणाऱ्या विवरांत. टिनटिनचं रॉकेट उतरतं हिपार्कस विवरात, चंद्राच्या ऐन मध्यावर.

अडकून पडण्याचा प्रसंग मात्र अस्सल आहे. एप्रिल १९७० मध्ये अमेरिकेच्या अपोलो-१३ या चांद्रमोहिमेत जवळजवळ हेच झालं. प्राणवायूची टाकी फुटली, आणि चंद्रावर उतरण्यासाठी, दोघांपुरत्या बांधलेल्या छोट्या यानात तिघांना दिवस काढावे लागले. तिथे प्राणवायूआधी कार्बन डायऑक्साइडने गाठलं. तो शोषून घेणारे मुख्य यानातले डबे चौकोनी, छोट्या यानातली जागा गोल. पिशव्या, पुठ्ठे आणि चिकटपट्टी वापरून त्यांनी जोड बसवला. कॉमिकमध्ये माणसं ग्लानी येऊन एकेक कोसळतात, ते चित्रण यामुळे खरं वाटतं.

आता वुल्फ. जुगाराच्या कर्जात बुडालेला, त्यावरून धमक्या देऊन ज्याच्याकडून रॉकेटचे गुप्त कागद काढून घेतले गेले असा माणूस. जॉर्गन टिनटिनला बांधून, बाकीच्यांना चंद्रावर टाकून रॉकेट पळवायला निघतो. ते हाणून पाडलं जातं, पण दुरुस्तीत वेळ जातो आणि वेळ म्हणजे प्राणवायू. शेवटी चंद्रगाडी आणि उपकरणं तिथेच सोडून निघावं लागतं. परतीच्या वाटेवर जॉर्गन सगळ्यांना गोळ्या घालायला निघतो. त्याचं म्हणणं सरळ आहे: माणसं कमी झाली की हवा पुरेल. वुल्फ त्याच्यावर झेप घेतो, झटापटीत गोळी सुटते आणि जॉर्गन मरतो. त्यानंतर, बाकीचे बेशुद्ध असताना, वुल्फ चिठ्ठी लिहून हवाबंद दारातून बाहेर अंतराळात निघून जातो. भागाकार तोच, जॉर्गनने केला तोच. फरक एवढाच की वुल्फने त्यातून स्वतःला वजा केलं.

'गद्दाराला शिक्षा झाली' हे मत मला म्हणूनच मान्य नाही. त्याला शिक्षा कोणी देत नाही. हॅडॉक त्याला वाट्टेल ते बोलतो, टिनटिन त्याच्यावर विश्वास टाकतो, आणि त्या विश्वासाला तो जागतो.

चिठ्ठीत एक वाक्य आहे, की कदाचित एखाद्या चमत्काराने मीही वाचेन. वर कोणीतरी विचारलंय की हा इंजिनिअर असं भाबडं कसं लिहील. ते वाक्य एर्जेला दबावाखाली घालावं लागलं. कॅथलिक वर्तुळात आत्महत्या हे पाप, आणि मुलांच्या साप्ताहिकात ती त्याग म्हणून दाखवणं पसंत पडलं नाही. एर्जेने पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला. मलाही ते वाक्य नसतं तर बरं झालं असतं असं वाटतं. वुल्फला काय होणार हे नेमकं ठाऊक होतं, आणि त्याच्या जाण्याचं वजन त्यातच आहे.

ताई, मुलीला जरूर द्या. दोन्ही भाग एकदम द्या, नुसता दुसरा नको, नाहीतर वुल्फ तिला फक्त चोर म्हणून भेटेल. चिठ्ठीच्या पानापाशी ती 'तो परत येतो का?' असं विचारेल, तेव्हा 'नाही' असंच सांगा. मग हॅडॉक गतप्राण झाल्यासारखा पडलेला असताना व्हिस्कीचा नुसता उल्लेख होताच उठून बसतो, ते पान तिला स्वतःचं स्वतः वाचू दे.